जुन्या मर्सिडीजचा एसी : गॅस सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८४ ची मर्सिडीज २४० डी, म्हणजे १२३ बॉडीची डिझेल गाडी. आजोबांनी सेकंडहँड घेतलेली, आता पुण्यात आहे. एसी बरीच वर्षं बंद. एक मेकॅनिक म्हणतो, "जुना आर-१२ गॅस आता मिळत नाही, नवा १३४ मारून देतो, दुपारी गाडी घेऊन जा." दुसरा म्हणतो, "हे सगळं उपटून टाका, नवीन गाडीचं युनिट बसवू." कोणाचं ऐकायचं, आणि एकदा सुरू झालेला एसी टिकवायचा कसा?

दोघांचंही ऐकू नका. पहिल्याने भरलेला गॅस पंधरा दिवसांत, फार तर महिन्याभरात निघून जाईल, कारण आधीचा गॅस जिथून गेला ती वाट तशीच उघडी आहे. "गॅस संपला" असं आपण सगळेच म्हणतो, पण एसीमधला गॅस वापरून संपत नाही. तो तेवढाच फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळला. दुसऱ्याचं ऐकलंत तर नवीन युनिट बसवण्यासाठी डॅशबोर्डच्या आतली हीटरची पेटी आणि हवेचे डक्ट कापले जातील. १२३ मध्ये ते एकदा कापले की पुन्हा जुळत नाहीत. सुटे भाग शोधत नाना पेठ आणि कुर्ला पालथं घालाल, आणि शेवटी जर्मनीहून मागवायची वेळ येईल.

तुमच्या गाडीचा एसी मुळात चांगला आहे. त्याला दुरुस्त करा, आणि दुरुस्तीचा क्रम उलटा ठेवा : आधी हवा, मग गळती, मग तेल आणि ओल, आणि गॅस सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गॅसपासून सुरुवात होते, म्हणून जुन्या गाडीचे एसी बदनाम आहेत.

आर-१२ चं आधी उरकून घेऊ. ही गाडी बनली तेव्हा सगळ्याच गाड्यांत आर-१२ असायचा. एसीसाठी तो फार सोयीचा गॅस होता : न पेटणारा, खनिज तेलात छान मिसळणारा, साध्या काळ्या रबराच्या नळीतही टिकणारा. पण त्यातल्या क्लोरीनमुळे ओझोनचा थर विरतो हे सिद्ध झाल्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला, आणि २०१० पासून आपल्याकडे या गॅसचं उत्पादन बंद आहे. त्यामुळे आज कोणी "ओरिजिनल आर-१२ आहे माझ्याकडे" म्हणाला तर तो कुठून आला हे विचारा. एखाद्या जुन्या चिलरमधून काढून शुद्ध केलेला असू शकतो. पण बाजारात या नावाखाली आर-२२ किंवा पेटणाऱ्या गॅसची मिश्रणंही फिरतात. तेव्हा तुम्ही आर-१३४ए वर, म्हणजे त्या मेकॅनिकच्या '१३४' वर, जा. फक्त हा बदल 'गॅस बदलला' एवढ्यावर भागत नाही, आणि माझ्या उत्तराचा बराचसा भाग त्याबद्दलच आहे.

एक अपवाद. एखाद्याच्या गाडीत मूळ आर-१२ अजून शिल्लक असेल आणि एसी नीट थंड करत असेल, तर त्याला हात लावू नका. चालतंय तेवढी वर्षं चालू द्या. काढायची वेळ आलीच, तर गॅस रिकव्हरी मशिनने काढून घेणारा माणूस शोधा. नट सैल करून फुस्स करून हवेत सोडू नये.

आता हवा. गेज लावायच्या आधी, पाना न उचलता होणारी तपासणी. ब्लोअर चारही वेगांत चालतो का पाहा. फक्त शेवटच्या वेगात चालत असेल तर त्याचा रेझिस्टर गेला आहे. मग हीटरचे दोन्ही होज इंजिन गरम असताना हाताने चाचपा. तापमान पूर्ण थंडवर ठेवूनही दोन्ही होज चटका देत असतील, तर हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि डॅशबोर्डच्या आत थंड हवेत गरम हवा मिसळते आहे. कितीही उत्तम गॅस भरला तरी अशी गाडी थंड होणार नाही. खात्री करायची तर होज क्लॅम्पने हळूच दाबून पाणी थोडा वेळ बंद करा आणि हवेत फरक पडतो का पाहा. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत की ज्यांचा गॅस पुन्हा पुन्हा भरला गेला, आणि दोष होता या व्हॉल्व्हचा.

यानंतर येतात व्हॅक्यूमचे पॉड, आणि १२३ च्या डिझेल गाडीत ही गंमत पाहण्यासारखी आहे. बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची हे ठरवणारी झडप रबरी पडद्याच्या छोट्या डबीने हलते, आणि त्या डबीला ओढ मिळते इंजिनवरच्या व्हॅक्यूम पंपाकडून. चाळीस वर्षांत त्या पडद्याला चिरा पडतात. झडप अर्धवट उघडी राहते आणि एसी मे महिन्यातली बाहेरची हवा थंड करत बसतो. पण त्याच पंपाच्या व्हॅक्यूमवर गाडीचे दरवाजे लॉक होतात, आणि चावी फिरवल्यावर इंजिन बंदही त्याच व्हॅक्यूमने होतं. म्हणून या गाड्यांत चावी काढून घेतली तरी इंजिन टकटक करत राहतं, लोक डिझेल पंप खोलायला निघतात, आणि खरा दोष कधी डॅशबोर्डमधला फाटका पॉड तर कधी दाराच्या लॉकमधला पडदा निघतो. तुमची गाडी बंद व्हायला वेळ घेत असेल तर मला आधी सांगा, दोन्ही कामं एकाच उघड्या डॅशबोर्डमध्ये होतील. हातपंपाने एकेका नळीवर व्हॅक्यूम देऊन तो टिकतो का पाहायचं. तापट माणसाने करू नये असं काम आहे, पण खर्च जवळपास नाही.

आता कंडेन्सर. एसी थंडी बनवत नाही. तो गाडीतली उष्णता उचलतो आणि पुढच्या जाळीमागे असलेल्या कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. बाहेर टाकता आली नाही तर आत उचलताही येत नाही. ही गाडी जर्मन हवेसाठी बनली. तिथे रस्ता मोकळा, हवा थंड, आणि पंचवीस अंशांना लोक उकडतंय म्हणतात. आपल्याकडे बाहेर चाळीस अंश, पुढे पीएमपीची बस, आणि सिग्नलला दोन मिनिटं उभं राहायचं. त्यात आर-१३४ए ला त्याच तापमानाला आर-१२ पेक्षा जास्त दाब लागतो. कंडेन्सरमध्ये गॅस ६० अंशांना द्रव होत असेल तर आर-१२ चा दाब साधारण १४ बार असतो, आर-१३४ए चा जवळजवळ १६. फरक ऐकायला छोटा वाटतो, पण जुना नळी-आणि-पाकळ्यांचा कंडेन्सर आधीच काठावर चाललेला असतो. वाऱ्यावर धावताना गाडी मस्त थंड आणि सिग्नलला कोमट, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. अशा वेळी मेकॅनिक "गॅस थोडा कमी आहे" म्हणून अजून भरतो, दाब आणखी चढतो, आणि एसी आणखी बिघडतो.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. गाडी उभी करून एसी चालू ठेवा, मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर खोचा, आणि कंडेन्सरवर बाहेरून तांब्याने किंवा पाइपने पाणी मारा. मिनिटाभरात व्हेंटचं तापमान पाच-सहा अंशांनी कोसळलं, तर गॅस, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह सगळे बहुधा निर्दोष आहेत. कमी पडते आहे ती कंडेन्सरवरची हवा. काहीच फरक पडला नाही तर दोष दुसरीकडे शोधा. तुमचा एसी आज बंद आहे म्हणून ही परीक्षा काम झाल्यावर करा, पण कराच.

कंडेन्सरवरची हवा सुधारायचे उपाय स्वस्त आहेत. रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्यामधल्या फटीत इतक्या वर्षांची माती, किडे आणि पाला साचलेला असतो, आणि तो समोरून दिसत नाही. रेडिएटर सोडवून बाजूला घ्या आणि आतून बाहेर या दिशेने कमी दाबाने पाणी मारा. प्रेशर वॉशर लावलात तर पाकळ्या झोपतील. कंडेन्सरच्या कडेने जिथे जिथे उघडी फट आहे तिथे फोमची पट्टी लावा, नाहीतर पंख्याने ढकललेली गरम हवा कडेने फिरून परत पुढे येते. १२३ ला कंडेन्सरच्या पुढे इलेक्ट्रिक पंखा असतो. ड्रायर म्हणजे गॅसमधली ओल शोषणारी डबी, तिच्यावरचा स्विच हा पंखा चालू करतो. तो स्विच मेलेला असणं आणि पंखा वर्षानुवर्षं न फिरणं हे इतकं सर्रास आढळतं की मी पहिल्यांदा तिथेच हात घालतो. पंखा फिरला तरी हवा कुठल्या दिशेला फेकतो ते कागदाचा तुकडा धरून पाहा. कोणीतरी वायरी उलट जोडलेल्या असतात, मग पंखा इंजिनच्या पंख्याशी भांडत बसतो. नवीन वायर टाकताना रिले वापरा. चाळीस वर्षांच्या स्विचमधून थेट दहा-बारा अँपिअर नेऊ नका.

कंडेन्सर बदलायचाच असेल तर पॅरलल-फ्लो प्रकारचा, त्याच मापाचा घ्या. आजच्या सगळ्या गाड्यांत तोच असतो आणि जुन्यापेक्षा तो उष्णता बरीच जास्त टाकतो. १३४ए वर जाताना एकाच मोठ्या वस्तूवर पैसे खर्च करायची परवानगी असेल, तर मी कंडेन्सर निवडेन. नवीन कॉम्प्रेसरवर लोक खुशीने खर्च करतात, कारण तो दिसतो.

एवढं झाल्यावर सिस्टिम उघडायची, आणि त्याआधी गळती शोधायची. यासाठी कोरडा नायट्रोजन हवा. घरगुती एसीचं काम करणाऱ्याकडे सिलिंडर असतो, रेग्युलेटरसकट बोलावून घ्या. दहा बारपर्यंत भरा आणि साबणाच्या पाण्याने एकेक जोड पाहा, मग रात्रभर ठेवून सकाळी गेज बघा. टायरच्या दुकानातली हवा वापरू नका, तिच्यासोबत ओल आत जाते. वेल्डिंगचा ऑक्सिजन तर चुकूनही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो, आणि हे आपल्याकडच्या गल्लीतल्या कामात अजूनही घडू शकतं म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

गळती कुठे सापडेल? सर्वात आधी कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील. एसी वर्षानुवर्षं बंद राहिला की सीलवरचं तेल सुकतं. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलच्या तोंडाशी गॅसचा दाब उतरवणारी झडप) ओ-रिंगा, कंडेन्सरचे खालचे कोपरे जिथे दगड लागतात, आणि होजच्या क्रिम्पिंगच्या जागा. जोडावर तेलकट काळी धूळ चिकटलेली दिसली तर तीच गळतीची खूण, कारण गॅस जाताना थोडं तेल सोबत नेतो. डॅशबोर्डमधली कूलिंग कॉइल गळत असेल तर ती सगळ्यात महागडी बातमी. ब्लोअरच्या वाटेने किंवा पाणी बाहेर जायच्या नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरून पाहा. निदान १२४, म्हणजे नंतरच्या बॉडीपेक्षा १२३ मध्ये हे काम सुसह्य आहे. १२४ मध्ये कॉइलसाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

कॉम्प्रेसरबद्दल. १९८० च्या दशकातल्या पुष्कळ १२३ गाड्यांना जनरल मोटर्सचा आर-४ लागतो : आखूड, जाडजूड डबा, आत आडव्या फुलीसारखे चार पिस्टन. त्याआधीच्या गाड्यांत यॉर्कचा उभा दोन सिलिंडरचा. यॉर्क इंजिन थरथरवतो पण मरत नाही. आर-४ चे दोन दोष आहेत. त्याच्या बाहेरच्या कवचाभोवती ओ-रिंगांचं जे सील असतं तिथून तो घाम आल्यासारखा गळतो, आणि त्याच्यात तेलाची स्वतःची टाकी नाही. परत येणाऱ्या गॅससोबत जेवढं तेल येईल त्यावरच तो जगतो. म्हणून गॅस अर्धा असताना "अजून थोडं थंड करतोय ना" म्हणत आर-४ चालवणं म्हणजे तो मारणं. तुमचा कॉम्प्रेसर हाताने गुळगुळीत फिरत असेल आणि नायट्रोजनला टिकत असेल तर नवीन सील घालून ठेवा. गेला असेल तर ब्रॅकेट बनवून सँडेनचा ५०८ किंवा त्याचा १३४ए साठीचा भाऊ ५एच१४ बसवा. दोघांचं माप १३८ सीसी आहे, सुटे भाग सगळीकडे मिळतात, आणि तो थरथरत नाही. जुना कॉम्प्रेसर आणि ब्रॅकेट फडक्यात गुंडाळून जपून ठेवा. गाडी विकताना किंवा रॅलीत परीक्षकांपुढे उभी करताना त्याची किंमत कळते. कॉम्प्रेसरच्या क्लचची फट फीलर गेजने पाहा. सँडेनला ०.४ ते ०.८ मिलिमीटर लागते. जास्त असेल तर क्लच थंड असताना धरतो आणि तापला की सोडतो, आणि दोष गॅसवर येतो.

रबराच्या होजची बाब अर्धवट सोडू नका. आर-१३४ए चा रेणू आर-१२ पेक्षा लहान, आणि तो जुन्या रबरातून हळूहळू झिरपतो. जुन्या धातूच्या टोकांवर नवीन बॅरिअर होज, म्हणजे गॅस झिरपू न देणारे, क्रिम्प करून घ्या. ट्रॅक्टर-जेसीबीचे हायड्रॉलिक होज करणारे पुष्कळ असतात, पण एसीचं क्रिम्पिंग वेगळं असतं, तेव्हा एसी होज करणाऱ्याकडेच जा. ओ-रिंगा झाडून साऱ्या बदला, एचएनबीआर रबराच्या घ्या, बहुधा हिरव्या रंगाच्या येतात, आणि बसवताना तेलाचं बोट लावा. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवीन. ड्रायर नवीन, १३४ए ला चालणाऱ्या दाण्यांचा, आणि त्याची टोपणं अगदी शेवटी काढायची, व्हॅक्यूम पंप जोडून तयार असताना. पावसाळ्यात उघडा ठेवलेला ड्रायर काही तासांत हवेतली ओल पिऊन निकामी होतो. मग तो बसवला काय, न बसवला काय.

तेल. जुनं खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. गॅस पुढे जातो, तेल कॉइलमध्ये साचून राहतं, आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. 'नुसता १३४ मारून देतो' या कामाचे कॉम्प्रेसर सहा-आठ महिन्यांनी खडखडायला लागतात ते यामुळे. नवीन गाड्यांत पीएजी तेल असतं, पण जुन्या सिस्टिममध्ये खनिज तेलाचे आणि क्लोरीनचे अवशेष राहतात, आणि पीएजीचं त्यांच्याशी पटत नाही. अशा बदलासाठी मी एस्टर तेल, म्हणजे पीओई वापरतो. ते अवशेष सहन करतं. मात्र सँडेन नवा घेतलात तर त्याच्यासोबत आलेल्या कागदावर जे तेल लिहिलं असेल तेच घाला आणि पाइप त्या हिशेबाने जास्त मेहनतीने धुवा. धुणं म्हणजे फ्लशिंग. कॉइल, जुना कंडेन्सर आणि पाइप धुवायचे. कॉम्प्रेसर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि नवीन पॅरलल-फ्लो कंडेन्सर यांच्यातून फ्लश घालायचा नाही. पेट्रोल किंवा थिनरने धुणारे भेटतील, त्यांना हात जोडा. मागे राहिलेलं पेट्रोल रबर आणि तेल दोन्ही खातं. धुतल्यावर नायट्रोजनने पूर्ण कोरडं होईपर्यंत फुंका. आणि तेल मोजून घाला. "थोडं जास्त असलेलं बरं" हे इथे खरं नाही, जास्तीचं तेल कॉइलच्या आतून थर धरतं आणि थंडी घटवतं.

व्हॅक्यूम मारताना दोन गोष्टी पाहा. काही जण फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर उलटा जोडून व्हॅक्यूम मारतात. त्याने हवा निघते, ओल निघत नाही. तीस अंशांना पाणी उकळून वाफ व्हायला सिस्टिममधला दाब सुमारे ४२ मिलिबारच्या खाली जायला हवा, आणि कोपऱ्याकोपऱ्यातली ओल सुटायची तर त्याच्याही खूप खाली. त्यासाठी दोन टप्प्यांचा खरा व्हॅक्यूम पंप आणि अगदी बारीक दाब मोजणारा मायक्रॉन गेज लागतो. पंप तासभर चालवा, ५०० मायक्रॉनच्या खाली आणा, पंप बंद करून पंधरा मिनिटं पाहा. आकडा थोडा चढून थांबला तर ओल शिल्लक आहे, चढतच राहिला तर गळती आहे. दुसरी गोष्ट साध्या सुईच्या गेजची. समुद्रकाठच्या मुंबईच्या पुस्तकी सवयीने पुण्यात लोक सुई ३० इंचांच्या जवळ यायची वाट पाहतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे परिपूर्ण व्हॅक्यूमलाही सुई २८ इंचांच्या आसपासच थांबते, आणि महाबळेश्वरला तर साडेपंचवीसच्या जवळ. सुई पुढे जात नाही म्हणून चांगला पंप बिघडला असं समजू नका, आणि २८ दिसले म्हणून काम झालं असंही नाही. त्या सुईला शेवटची ओल दिसतच नाही.

आता गॅस. सिलिंडर आधी तपासा. बंद सिलिंडर सावलीत काही तास ठेवून त्याचा दाब आणि तापमान जुळतं का पाहायचं. तीस अंशांना शुद्ध आर-१३४ए साधारण ९७ पीएसआय दाखवतो, आर-२२ असेल तर १५८ च्या आसपास. फार फरक दिसला तर तो सिलिंडर परत करा. हा बाऊ नाही. २०११ मध्ये जहाजांवरच्या थंड कंटेनरांत नकली आर-१३४ए भरला गेला होता, त्यात मेथिल क्लोराइड होतं. ते अॅल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करून हवा लागताच पेटणारा पदार्थ तयार करतं. कॉम्प्रेसर फुटून माणसं दगावली. तुमच्या गाडीचा कंडेन्सर आणि कॉम्प्रेसर अॅल्युमिनियमचेच आहेत.

'स्वयंपाकाचा गॅस भरला तर बर्फासारखं थंड होतं' हेही कोणी सांगेल. थंड होतं, ते खोटं नाही. पण कॉइल तुमच्या मांडीसमोर डॅशबोर्डमध्ये आहे. गाडीच्या आतली जागा तीनेक घनमीटर धरली, तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस त्यात पसरला की हवा पेटण्याजोगी होते, आणि शेजारीच ब्लोअरच्या मोटरची ठिणगी आहे. मी अशी गाडी कामाला घेत नाही.

भरायचा किती? बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये आर-१२ चं वजन असेल. त्याच्या ८० टक्क्यांपासून सुरू करा, वजनकाट्यावर, आणि मग ५०-५० ग्रॅम घालत व्हेंटचं तापमान आणि हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा, दाब बघत जा. व्हेंट आणखी थंड व्हायचा थांबला आणि दाब मात्र चढू लागला की थांबा. बंद गाडीवर गेज लावून "९५ पीएसआय आहे, फुल आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आत वाटीभर द्रव असला तरी बंद सिस्टिम तापमानाप्रमाणे तेवढाच दाब दाखवते, भरलेली असो की अर्धी. दुपारी ३५-३८ अंशांत, १५०० आरपीएमला, लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणारा गॅस) २५ ते ३५ पीएसआय आणि हाय साइड २०० ते २५० दिसली तर मी समाधानी असतो. हाय साइड ३०० च्या पुढे जात असेल तर वरचा कंडेन्सरचा परिच्छेद पुन्हा वाचा. आणि हाय-प्रेशर कटआउट स्विच जरूर बसवा. या वयाच्या बहुतेक गाड्यांत गॅस कमी झाल्यावर बंद करणारा स्विच असतो, जास्त झाल्यावर बंद करणारा नसतो.

अपेक्षा मापात ठेवा. अशा दुपारी आतली हवा फिरवत दहा मिनिटं चालवल्यावर मधल्या व्हेंटला दहा-बारा अंश आले तर काम उत्तम झालं. नवीन गाडीसारखे सहा-सात अंश मागू नका. २४० डी चं इंजिन ७२ अश्वशक्तीचं आहे, आणि कॉम्प्रेसर त्यातले चार-पाच सहज घेतो. खंबाटकी चढताना एसी बंद करणं ही या गाडीची जुनी रीत आहे. आजोबांनीही केलीच असणार.

सांभाळण्यासारखं फार नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, डिसेंबरातही, म्हणजे शाफ्टचं सील ओलं राहतं. घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवा, कॉइल सुकते आणि कुबट वास येत नाही. पावसाळ्याआधी पाणी बाहेर जायची नळी साफ करा. ती तुंबली की पाणी गालिच्याखाली जातं, आणि १२३ चा पत्रा आतून सडायला तेवढं पुरतं. कोकणात राहणाऱ्यांनी कंडेन्सर दर महिन्याला साध्या पाण्याने धुवावा, खारी हवा त्याच्या पाकळ्या खाते.

दोन बिघाड सारखे दिसतात म्हणून सांगून ठेवतो. एसी वीस मिनिटं छान चालतो, मग थंडी जाते, गाडी थोडा वेळ बंद ठेवली की परत चालतो. अशा वेळी व्हेंटवर हात ठेवा. हवेचा जोरच कमी झाला असेल तर कॉइलवर बर्फ जमला आहे. कॉइलच्या पाकळ्यांत खोचलेली थर्मोस्टॅटची बारीक नळी सरकली किंवा थर्मोस्टॅट गेला. हवेचा जोर तसाच आणि फक्त थंडी गेली, लो साइडची सुईही व्हॅक्यूमकडे झुकली, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकात ओलीचा बर्फ होतो आहे. मग ड्रायर बदलून व्हॅक्यूम नव्याने मारणं हाच इलाज.

मारुती ८००, ११८ एनई, कॉन्टेसा यांचंही शास्त्र हेच, भाग फक्त सोपे आणि स्वस्त. पद्मिनीला डॅशबोर्डखाली लटकवलेलं युनिट असेल तर मात्र १०८९ सीसीच्या इंजिनाकडून आणि तेवढ्याशा जाळीकडून फार आशा ठेवू नका.

काम संपलं की कोणता गॅस, किती ग्रॅम, कोणतं तेल, किती मिली आणि तारीख हे सगळं लिहून बॉनेटखाली जुन्या आर-१२ च्या स्टिकरशेजारी पक्कं चिकटवा. सर्व्हिस पोर्टही १३४ए चे बसवून घ्या, म्हणजे पुढच्या मेकॅनिकचा चुकीचा होज तिथे बसणारच नाही. आता आधी बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा, ड्रायरवरच्या स्विचांचा आणि पुढच्या पंख्याच्या वायरिंगचा फोटो टाका, आणि चावी काढल्यावर इंजिन लगेच बंद होतं का तेही कळवा. मग कोणते भाग मागवायचे ते ठरवू.